आकडीवर तेल, तेलावर आकडी : एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

ही हकीकत पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातल्या मुलीची आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, शिक्षण आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. तिला इथे शुभदा म्हणते. आजाराचा घटनाक्रम मात्र होता तसाच ठेवला आहे.

शुभदा २१ वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. सोळाव्या वर्षी तिला 'जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी' असल्याचं निदान झालं. किशोरवयात सुरू होणारा हा अपस्माराचा, म्हणजे आकडीच्या आजाराचा, प्रकार आमच्या ओपीडीत नेहमी दिसतो. सकाळी उठल्यावर तासाभरात हातांना बारीक झटके येतात, हातातला ब्रश किंवा कंगवा उडतो, चहा सांडतो. घरच्यांना वाटतं पोरगी वेंधळी आहे. मग कधीतरी लग्नघरातल्या किंवा परीक्षेच्या जागरणानंतर मोठी फिट येते आणि तेव्हा कुठे डॉक्टर गाठले जातात. शुभदाचंही असंच झालं होतं. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखात, या प्रकाराची खूण स्पष्ट दिसत होती. लेव्हेटिरॅसिटाम ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू झालं आणि गाडी रुळावर आली. ही हकीकत सुरू होते त्याआधीची दोन वर्षं तिला एकही मोठी आकडी नव्हती, सकाळचे झटकेही थांबले होते.

गोळ्या लागू पडल्या होत्या, म्हणजे खरं तर चांगली बातमी होती. पण या प्रकारच्या अपस्मारात गोळ्या बंद केल्या की बहुतेकांना आकडी परत येते, म्हणून त्या वर्षानुवर्षं, पुष्कळदा कायमच्या घ्याव्या लागतात. घरात हेच सलत होतं. स्थळं बघायची वेळ जवळ आली होती. हिंदू विवाह कायद्यातल्या अपस्माराच्या उल्लेखामुळे एकेकाळी लग्नाला कायद्यानेच अडथळा येत असे. १९९९च्या दुरुस्तीने तो उल्लेख काढून टाकला. कायद्यातून गेलेली गोष्ट बैठकीच्या खोलीतून मात्र गेलेली नाही. गोळीचं पाकीट पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ते धान्याच्या डब्यामागे ठेवलं जायचं.

शुभदाची आत्या शहरात राहते. भाचीवर तिचा फार जीव. तिने ऑनलाइन वर्गातून सुगंधी तेलांचं, म्हणजे इसेन्शियल ऑइलचं शिक्षण घेतलं होतं. 'मेंदूच्या नसा शांत करणारी तेलं' हा त्या वर्गातला एक धडा होता. आषाढात ती माहेरी आली ती तेलांचा डबा घेऊनच. ठरलं असं की आधी तेलं सुरू करायची, ती मुरली की गोळ्या हळूहळू सोडवायच्या. डॉक्टरांना सांगायचं नाही, कारण 'ते नाहीच म्हणणार'.

आत्याचा हेतू चांगला होता, यात मला कधीच शंका नव्हती. तिच्या म्हणण्याला थोडा आधारही होता आणि तो कुठवर जातो हे पुढे येईलच.

अडचण

तेलं सुरू झाल्यावर दहा-बारा दिवसांत सकाळचे झटके परतले. आधी बोटांत, मग खांद्यापर्यंत. श्रावणात एका सकाळी देवाची फुलं काढताना ती अंगणात पडली आणि मोठी आकडी आली. आईने शेजारच्यांना हाक मारली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. आत्याने शिकवल्याप्रमाणे आईने रुमालावर निलगिरीचे थेंब टाकून तो हुंगायला दिला. आकडी दोनेक मिनिटांत थांबली. ती बहुतेक वेळा आपोआपच थांबते, पण श्रेय रुमालाला गेलं.

गावातल्या डॉक्टरांनी विचारपूस केली. परीक्षा जवळ होती, शुभदा रात्री एक-दोनपर्यंत जागत होती. जागरण हे या अपस्माराचं सगळ्यांत ओळखीचं निमित्त, त्यामुळे त्यांनी जे केलं ते कोणीही केलं असतं. गोळी ५०० वरून ७५० मिलिग्रॅम केली आणि लवकर झोपायला सांगितलं. तेलांचा विषय निघालाच नाही. त्यांनी विचारलं नाही आणि घरच्यांनी सांगितलं नाही.

डोस वाढल्यावर शुभदा चिडचिडी झाली. लेव्हेटिरॅसिटामने काहींचा स्वभाव असा बदलतो, हे औषधाच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं असतं. ताट सरकवून देणं, भावावर ओरडणं, उगाच रडणं सुरू झालं. घरच्यांनी याचा अर्थ लावला की गोळी डोक्यावर चढली. उपाय काय? तेल वाढवलं. रात्री एकदा लावायचं ते सकाळीही लावू लागले, डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास हवेत पसरवणारं यंत्र, अभ्यासाच्या खोलीत दारं लावून तासन्‌तास चालू राहू लागला. गणपतीच्या दिवसांत दुसरी मोठी आकडी आली आणि त्यात जीभ चावली गेली. तेव्हा ती आमच्या ओपीडीत आली.

या प्रकरणात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ही साखळी. आकडी आली की तेल वाढत होतं, तेल वाढलं की आकडीची शक्यता वाढत होती आणि मधल्या मध्ये दोष गोळीच्या माथी जात होता. अजून महिनाभर हे चाललं असतं तर गोळी बंद झाली असती. मग लागोपाठ आकड्या येऊन तिला अतिदक्षता विभागात ठेवायची वेळ येऊ शकली असती.

उलगडा

शुभदा आत आली तेव्हा तिच्याबरोबर निलगिरीचा आणि कापराचा वासही आत आला. ओढणीला होता, केसांना होता. मी आधी नेहमीचे प्रश्न विचारले. गोळी चुकली का? आईने पिशवीतून रिकामी पाकिटं काढून टेबलावर ओळीने मांडली. "एक बी गोळी चुकवली न्हाई मॅडम, मोजून बघा की." मोजली, हिशेब बरोबर होता. ताप, जुलाब, नवीन औषध, प्रतिजैविक, उपवास यांपैकी काही नव्हतं. जागरण होतं, पण गणपतीआधी परीक्षा संपली होती आणि दुसरी आकडी आली त्या आठवड्यात ती रात्री दहाला झोपत होती.

मग विचारलं, "ताई, डोक्याला काय लावता?"

आई आत्याकडे बघायला लागली. आत्या बरोबर आली होती. थोड्या वेळाने आत्यानेच बोलायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर तिने काही लपवलं नाही. रोज रात्री टाळूला आणि मानेला रोझमेरी आणि निलगिरीचं मिश्रण, खोबरेल तेलात घातलेलं. खोलीत डिफ्यूझर, त्यातही तेच. सर्दी असेल त्या दिवशी निलगिरीचा वाफारा. आणि उशीखाली कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी. ही पुरचुंडी २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत व्हॉट्सअॅपवरून घराघरांत पोचली. प्राणवायू वाढवते म्हणून तेव्हा सांगितली गेली होती, आणि लाट ओसरली तरी उशीखालून गेली नाही.

मी पुढच्या खेपेला सगळ्या बाटल्या आणायला सांगितल्या. प्लास्टिकच्या पिशवीत सहा बाटल्या आल्या. चार बाटल्यांवर 'शंभर टक्के शुद्ध' एवढंच होतं, कोणत्या घटकाचं प्रमाण किती याचा पत्ता नव्हता. एकावर रोझमेरीचं चित्र होतं, पण झाकण उघडताच कापराचा झणका नाकात गेला. एका रोल-ऑनवर तर लेबलच नव्हतं.

तेलं मेंदूवर काय करतात

या तेलांचा मेंदूवर काहीच परिणाम होत नाही, असं मी घरच्यांना म्हटलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. परिणाम होतो. हवेत उडणारे हे रेणू मेदात विरघळतात, त्यामुळे त्वचेतून आणि फुप्फुसांतून रक्तात आणि तिथून मेंदूत सहज पोचतात. प्रश्न एवढाच की कोणतं तेल कोणत्या दिशेने ढकलतं.

कापूर चुकीच्या दिशेने ढकलतो, हे वैद्यकाला फार जुनं ठाऊक आहे. १९३४ साली बुडापेस्टमध्ये लाडिस्लास मेडुना या मनोविकारतज्ज्ञाने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना मुद्दाम आकडी आणायची ठरवली. आकडी आल्याने तो आजार निवळतो, अशी त्याची कल्पना होती. त्यासाठी त्याने तेलात विरघळवलेल्या कापराचंच इंजेक्शन दिलं. पुढे त्याने दुसरं रसायन वापरलं आणि मनोविकारांवर विजेचे झटके देण्याच्या उपचाराची वाट त्यातूनच निघाली. जे द्रव्य आकडी आणण्यासाठी टोचलं जायचं, तेच आपण आकडीच्या रुग्णाच्या उशाला ठेवतो. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिला खरंच धक्का बसला. तिच्या वर्गात हे कुणी सांगितलं नव्हतं. अमेरिकेत तर १९८०च्या दशकापासून अंगाला लावायच्या औषधांत कापूर ११ टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही.

निलगिरीच्या तेलात मुख्य घटक सिनिओल असतो, औषधी दर्जाच्या तेलात ७० टक्क्यांहून जास्त, आणि तोही कापरासारखाच आकडीकडे ढकलू शकतो. रोझमेरीत सिनिओल आणि कापूर दोन्ही असतात, आणि कोणत्या जातीच्या झुडपाचं तेल आहे त्यावर त्यांचं प्रमाण बदलतं. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मेंदूतज्ज्ञांनी वनस्पतितेलांमुळे आकडी आलेल्या रुग्णांची नोंद छापली. आकडी आणू शकणाऱ्या ११ तेलांची यादीही त्यांनी दिली, तिच्यात निलगिरी, रोझमेरी, सेज, बडीशेप (फेनेल) आणि टर्पेंटाइन आहेत. आपल्याकडचं काम आणखी जवळचं. दक्षिण भारतातल्या चार रुग्णालयांत चार वर्षं आकडीच्या रुग्णांकडे या नजरेने पाहिलं गेलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३५० रुग्णांपैकी ५५ जणांच्या आकडीचा संबंध इसेन्शियल ऑइलशी जोडता आला. त्यातल्या २२ जणांना आधी अपस्मार नव्हताच, ३३ जणांचा मुळातला अपस्मार उसळला होता. तेलं बहुतेक निलगिरीची आणि कापराची. म्हणजे बाम, वाफारा, मलम. आपल्या प्रत्येक घरात असतात ती.

मग आत्याने शिकलेलं सगळं खोटं होतं का? नाही. रोझमेरीच्या वासाने स्मरणशक्ती सुधारते असं तिने सांगितलं, त्यामागे इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाचा २००३चा प्रयोग आहे. पण त्यातले १४४ लोक निरोगी होते, त्यांनी थोडा वेळ वासात बसून चाचण्या दिल्या. अपस्माराच्या रुग्णाने रोज टाळूला चोळायचं तेल असा त्याचा अर्थ कुठूनही निघत नाही. बर्मिंगहॅममध्ये टिम बेट्स यांनी औषधाला दाद न देणाऱ्या अपस्मारात सुगंधोपचार खरोखरच वापरून पाहिला होता. रुग्णाने आपल्या आवडीचा वास निवडायचा, शांत होण्याचा सराव त्या वासाशी जोडायचा आणि आकडीची चाहूल लागली की तो हुंगायचा. काहींना त्याचा फायदा झाला. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, गोळ्या चालू होत्या आणि अशी धोक्याची तेलं मुद्दाम टाळली होती. आत्याच्या वर्गाने यातलं फक्त पहिलं वाक्य उचललं होतं.

स्मृतिभ्रंशाचंही असंच झालं आहे. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या वृद्धाश्रमांत ७२ रुग्णांवर लेमन बाम नावाच्या वनस्पतीच्या तेलाचा प्रयोग झाला. तेलाच्या गटात ६० टक्के रुग्णांची अस्वस्थता बरीच कमी झाली, साध्या तेलाच्या गटात १४ टक्क्यांची. बातमी जगभर गेली. २०११ मध्ये त्याच तेलाची अधिक काटेकोर चाचणी ११४ रुग्णांवर झाली, तेव्हा साध्या तेलापेक्षा ते सरस ठरलं नाही. दुसरी बातमी मात्र कुठल्याच बाटलीवर छापली जात नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दुसरी गोळी जोडण्याचा. या प्रकारच्या अपस्मारावर व्हॅल्प्रोएट फार गुणकारी आहे. पण लग्न आणि बाळंतपण पुढे असलेल्या मुलीला ते द्यायला मी सहजी तयार होत नाही, कारण गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात. लॅमोट्रिजीन हळूहळू वाढवावं लागतं, त्यात आठवडे जातात, आणि काहींचे झटके त्याने वाढतात. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन इथे उपयोगाचे नाहीत, ते या प्रकारात झटके वाढवू शकतात. आणि कारण दुसरंच असेल तर नवी गोळी म्हणजे मुलीच्या अंगावर विनाकारण ओझं. व्हॅल्प्रोएट सुरू झालं असतं तर लग्नाआधी ते सोडवायची नवी अडचण उभी राहिली असती.

दुसरा पर्याय, फक्त तेलं बंद करायची आणि वाट बघायची. यात धोका होता. जीभ चावण्याइतकी मोठी आकडी नुकतीच येऊन गेली होती आणि माझा अंदाज चुकीचा असता तर पुढची आकडी विहिरीपाशी किंवा चुलीपाशी येऊ शकली असती.

तिसरा पर्याय मधला, तेलं बंद आणि काही दिवस रात्री क्लोबाझाम या आकडी रोखणाऱ्या औषधाची छोटी गोळी. सुरक्षित खरा, पण मग झटके कशाने थांबले हे कधीच कळलं नसतं. घरच्यांना तर नव्या गोळीने थांबले असंच वाटलं असतं आणि तेलं वर्षभरात परत आली असती.

चौथा पर्याय आत्याने सुचवला, 'वाईट' तेलं काढून लव्हेंडर सुरू करायचं. लव्हेंडरचा आधार चिंतेच्या विकारात आहे. जर्मनीत त्याच्या ८० मिलिग्रॅमच्या प्रमाणित कॅप्सूलवर चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. अपस्मारासाठी तो आधार लागू होत नाही. शिवाय लव्हेंडरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या एका जातीत, स्पाइक लव्हेंडरमध्ये, कापूर आणि सिनिओल भरपूर असतात. बाटलीवर प्रमाण लिहिलेलं नसताना आत काय आहे हे आत्यालाही सांगता आलं नसतं आणि मलाही.

काय केलं

तेलं त्याच दिवशी बंद केली. डिफ्यूझर, वाफारा, पुरचुंडी, बाम, सगळंच. क्लोबाझाम दिलं नाही. लेव्हेटिरॅसिटाम ७५० वरच ठेवलं, चिडचिड असूनही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मी ठरवलं होतं, आणि तेल व डोस दोन्ही एकदम कमी करणं धोक्याचं होतं. अंदाज चुकला तर घरात तयारी असावी म्हणून मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा दिला आणि आईला तो वापरायला शिकवलं. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर फवारा मारायचा, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि कांदा-चप्पल-रुमाल नाकाशी धरायचा नाही. विहिरीवर आणि गॅसपाशी एकटीने जायचं नाही, हेही सांगितलं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो आत्याशी बोलण्यात, आणि तो वाया गेला नाही. 'हे थोतांड आहे, फेकून द्या' असं म्हटलं असतं तर बाटल्या माझ्यासमोर पिशवीत गेल्या असत्या आणि घरी पुन्हा फळीवर आल्या असत्या. मी विचारलं, मालिश करताना काय वाटतं? शुभदाच म्हणाली, "आत्या डोक्यावरून हात फिरवते तेव्हा बरं वाटतं, मॅडम." मग ते कशाला सोडायचं? साधं खोबरेल तेल कोमट करून आत्याने रोज रात्री मालिश करावी असं ठरलं. त्या खोबरेलात एकही थेंब मिसळायचा नाही. आत्या नसेल तेव्हा आईने करायची. रात्री साडेदहाला दिवा बंद, ही जबाबदारीही आत्याने घेतली.

आजीने शेवटी एक प्रश्न विचारला, त्यावर सगळे गप्प झाले. "आरतीचा कापूर पण बंद का?" मी सांगितलं, आरती घ्या, पण कापूर जळत असताना बंद देवघरात शुभदाला बसवू नका, दारं-खिडक्या उघडी ठेवा आणि तिने थोडं लांब उभं राहावं. देवाचं काही बंद करायची गरज नव्हती, आणि बंद केलं असतं तर बाकीचंही कुणी पाळलं नसतं.

परिणाम

झटके पहिल्या दोन आठवड्यांत कमी झाले आणि महिना-दीड महिन्यात थांबले. पुढच्या वर्षभरात मोठी आकडी आली नाही. तीन महिन्यांनी लेव्हेटिरॅसिटाम हळूहळू ५०० वर आणलं आणि चिडचिड निवळली. भावाने ओपीडीत हळूच सांगितलं की ताई आता पूर्वीसारखी वागते.

मध्ये एकदा चुलतभावाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन-तीन झटके आले. आदल्या रात्री जागरण झालं होतं, आणि पाय दुखतात म्हणून कुणीतरी बाम चोळला होता. दोष कशाचा हे सांगता येत नाही.

यावरून मूळ प्रश्नाकडे येते. तेलामुळेच आकडी आली हे सिद्ध झालं का? औषधांचे दुष्परिणाम ठरवायला नारांजो मोजपट्टी वापरतात. तिने मी हे प्रकरण मोजलं तेव्हा उत्तर 'शक्य' या पायरीवर आलं, त्याच्या वर नाही. पहिल्या आकडीच्या वेळी जागरण होतं, हे वजा करावंच लागतं. तेलं पुन्हा देऊन पाहणं हा पक्का पुरावा ठरला असता, पण एखाद्या मुलीला मुद्दाम आकडीच्या तोंडी देणं कुणीही डॉक्टर करणार नाही. कालक्रम जुळतो, यंत्रणा ठाऊक आहे, तेल थांबल्यावर आकडी थांबली. उपचाराचा निर्णय घ्यायला मला एवढं पुरेसं होतं.

काय वेगळं करता येईल

पहिला टप्पा गावच्या दवाखान्यातला. तिथे एक प्रश्न कमी पडला. 'दुसरी काही औषधं चालू आहेत का?' असं विचारलं की घरचे 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी तेल, बाम आणि वाफारा हे औषध नव्हेच. अंगाला काय लावता, नाकाला काय हुंगता, वाफारा कशाचा घेता, उशाशी काय ठेवता, असं एकेक वेगळं विचारावं लागतं. हे चार प्रश्न आता आमच्या अपस्माराच्या केसपेपरवर छापले आहेत आणि नर्सताईच ते आधी विचारतात. डॉक्टरसमोर लपवलेली गोष्ट त्यांना सहज सांगितली जाते.

दुसरा टप्पा निदानाच्या वेळचा, सोळाव्या वर्षीचा. 'गोळी कायम लागेल' हे वाक्य तेव्हा बहुधा एकदाच आणि घाईत सांगितलं गेलं असावं. त्यापुढचं लग्न, मूल, नोकरी, गाडी चालवणं यांविषयी कुणीच बोललं नाही. ती पोकळी आत्याच्या वर्गाने भरली. ज्या मुलींना आम्ही लांब पल्ल्याच्या गोळ्या देतो, त्यांच्या घरी लग्नाचा विषय निघेपर्यंत थांबू नये. अपस्मार असलेली स्त्री लग्न करू शकते, बाळंतपण नीट होऊ शकतं, फॉलिक अॅसिड आधीपासून सुरू करायचं असतं आणि गोळी कधीही आपणहून सोडायची नसते, हे सगळं निदानानंतरच्या पहिल्या वर्षातच आईला आणि मुलीला एकत्र बसवून सांगायला हवं.

तिसरी गोष्ट बाटलीची. आत्याने आणलेल्या एका मिश्रणाबरोबर 'फिट्सवर उपयुक्त' असं लिहिलेलं पत्रक होतं. १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात अपस्मार बरा करण्याची जाहिरात करायला बंदी आहे. विकणाऱ्याने मात्र बाटलीवर ते न छापता पत्रकावर छापलं होतं. हे पत्रक मी जपून ठेवलं आणि दुष्परिणामाची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे केली. त्यांची मदतवाहिनी १८००-१८०-३०२४ ही सामान्य माणसालाही वापरता येते. तेलं सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली जातात आणि औषध म्हणून वापरली जातात, त्यामुळे अशी नोंद करावी असं डॉक्टरांच्याही सहसा मनात येत नाही. ती यायला हवी. इतकी घरं वाफारा घेतात, इतकी बाम चोळतात, आणि आकडीच्या रुग्णासाठी इशारा छापलेली डबी मी तरी अजून पाहिलेली नाही.

शुभदाच्या बाबतीत एक निर्णय अजून बाकी आहे. तिच्यासाठी एक स्थळ आलं आहे आणि मुलाकडच्यांना सगळं आधी सांगायचं असं तिने स्वतः ठरवलं आहे. पुढच्या भेटीला तो मुलगा बरोबर येणार आहे. गोळी, झोप, बाळंतपण आणि घरातला बाम या चारही गोष्टी त्याच्यासमोर बोलायच्या आहेत. आत्याही येणार आहे, ती म्हणाली की तेलांचं मीच सांगते.